मध्यम गुणांचे विद्यार्थी आणि महाराष्ट्रातील महाविद्यालये

मुंबई विद्यापीठाच्या ज्या प्रवेश परीक्षेला आपल्याकडे घरोघर मॅट्रिक याच नावाने ओळखत, त्या परीक्षेस १८८७ साली जे तीन हजारांहून अधिक उमेदवार बसले, त्यांत राजकोटच्या काठेवाड हायस्कुलातील अठरा वर्षांचा एक मितभाषी विद्यार्थी होता. इंग्रजीत दोनशेपैकी ८९, गुजरातीत शंभरपैकी ४५॥, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्यज्ञानात १५० पैकी ५४, असे एकंदर ६२५ पैकी २४७॥ गुण त्याच्या पदरी पडले. म्हणजे शेकडा चाळीसही भरले नाहीत. उत्तीर्णांच्या यादीत त्याचा अनुक्रम ४०४ वा होता आणि ती यादीच सुमारे आठशे नावांची असल्यामुळे तो बरोबर मध्यावर उभा होता. सामान्य गुणांचा विद्यार्थी ही संज्ञा ज्याला अक्षरशः लागू पडावी, असा हा विद्यार्थी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

पुढे कोणत्या कॉलेजात जावयाचे, हा प्रश्न त्या घरात ज्या रीतीने सुटला ती रीत आजच्या पालकांना नवलाची वाटेल. कॉलेज मुंबईस होते, तसेच भावनगरासही होते; दिवाण सामळदास परमानंददास यांच्या स्मरणार्थ भावनगरच्या ठाकूरसाहेबांनी १८८५ साली काढलेले हे सामळदास कॉलेज मुंबईहून स्वस्त पडत होते, आणि केवळ या एका कारणास्तव मोहनदासने तेथे नाव घातले. गुण किती, अनुक्रम कितवा, याची विचारणा झाल्याचा उल्लेख आत्मकथेत कोठेही नाही. प्राध्यापकांची व्याख्याने समजेनात म्हणून पहिले सत्र संपताच तो घरी परतला. मावजी दवे या कुटुंबाच्या स्नेह्याने, बी. ए. होण्यात चार-पाच वर्षे घालवून अखेर साठ रुपयांची नोकरी मिळणार, त्यापेक्षा बॅरिस्टर व्हावे, असा सल्ला दिला, आणि तेथून पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्याला येथे कर्तव्य आहे ते त्या पहिल्या निर्णयाशी, कारण त्या निर्णयात एका संपूर्ण युगाची व्यवस्था उघडी पडते.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे प्रारंभी शिकविणारे नव्हे, तर परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिक घेतली तेव्हा शंभर-सव्वाशे उमेदवारांतून वीस-बावीसच पार पडले, आणि १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले ते चौघेच : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. एवढ्या बारीक चाळणीतून जो खाली उतरला, त्याला पुन्हा दुसरी चाळण लावण्याचे प्रयोजनच नव्हते. एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन, सेंट झेवियर्स, कोल्हापूरचे राजाराम, बडोद्याचे कॉलेज, १८८५ चे फर्ग्युसन ही सर्व मिळून इलाखाभर विखुरलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विद्यालये. तेथे मॅट्रिक झालेल्या मुलाला फी भरण्याची ऐपत असेल तर दरवाजा मोकळाच होता. परीक्षा निर्दय होती, पण परीक्षेनंतरचा उंबरठा निर्दय नव्हता. आज या दोहोंची अदलाबदल झाली आहे, आणि तिचा विचार आपण क्वचितच करतो.

मग अडत कोठे होते? अडत होते पैशापाशी, अंतरापाशी, आणि सर्वांत अधिक म्हणजे परगावी दोन वेळच्या जेवणापाशी. धोंडो केशव कर्वे यांना इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे शंभर मैलांची वाट डोंगरघाटांतून पायी तुडवावी लागली आणि तेथे पोचल्यावर, तुमचे वय लहान दिसते, या सबबीवर परत पाठविण्यात आले, हे त्यांच्या आत्मवृत्तात नोंदलेले आहे. हे कॉलेजाचे नव्हे, मराठी परीक्षेचे प्रकरण, तेव्हा कॉलेजाची वाट कोकणातल्या मुलाला किती लांबची असेल ते यावरून ताडावे.

पुण्यास पोचलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे जुळवावयाची. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी मागावयाची, आणि तीही न मिळाली तर पाणी पिऊन रघुवंश उघडावयाचा. यजमानीणबाईच्या मर्जीवर, सोवळ्या-ओवळ्याच्या वेळांवर आणि पंक्ती उठण्याच्या घटकेवर कॉलेजातील तासांची हजेरी अवलंबून असे. बाराचा तास आणि बाराचे पान यांत निवड करावयाची वेळ आली म्हणजे तास बुडे. या प्रथेचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत आणि तिच्यात जिव्हाळा होता हे खरेही आहे. परंतु ते वार बहुशः ब्राह्मण मुलांनाच मिळत, ही गोष्ट गोडवे गाणाऱ्यांच्या लेखणीतून बहुधा निसटते. कुणब्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या मुलाने मॅट्रिक पार केली तरी सदाशिव पेठेत त्याचे पान कोण मांडणार होते?

म्हणूनच कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी कॉलेजाआधी वसतिगृहांचा विचार केला, यात मला त्यांची असाधारण दूरदृष्टी दिसते. राजाराम कॉलेज संस्थानात १८८० पासून होतेच. परंतु त्या कॉलेजाच्या बाकावर येऊन बसण्यासाठी खेड्यातल्या मुलाला रात्री पाठ टेकावयास जागा हवी होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढून जातिभेदच दृढ केला, असा आक्षेप त्या काळीही घेण्यात येई. त्याला उत्तर एवढेच की, इतर कोणतीही दारे त्या मुलांना उघडी नव्हती.

याच सुमारास, १९०७ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांचे गुण ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा ३७॥ च्या किंचित वर. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली, तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे त्यांच्याच शिफारशीवरून सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. शेकडा सदतीस गुणांनी एल्फिन्स्टन कॉलेजाचे दार अडविले नाही. ते अडले असते तर पंचवीस रुपयांवाचून अडले असते. त्या मुलाने पुढे कोलंबिया आणि लंडन येथे काय केले, हे सांगण्याची येथे आवश्यकता नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची उत्तरपत्रिका त्याच्या बुद्धीची कितपत साक्ष देते, याचा निवाडा वाचकांनी स्वतःच करावा.

कोल्हापूरच्याच वसतिगृहातून, शिस्तीच्या कारणावरून नाव कमी झालेला आणि मॅट्रिकपर्यंत न पोचलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले, आणि त्या बोर्डिंगातील मुले मॅट्रिक होऊ लागली तेव्हा त्यांच्यापुढेही तोच जुना प्रश्न उभा राहिला की, आता जावे कोठे? सांगलीचे विलिंग्डन १९१९ पासून होते, कोल्हापूर होते, पुणे होते. परंतु सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मुलाचा परगावचा खर्च झेपणारा नव्हता. जून १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. पैसा नाही त्याने श्रम द्यावेत, हा त्या कॉलेजाचा करार होता : सकाळी शेतावर, बांधकामावर, दगडमातीच्या कामावर घाम गाळावयाचा आणि मग वर्गात येऊन बसावयाचे. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द पुढे इतक्या संस्थांच्या भिंतींवर रंगविले गेले की त्यांतला घाम वाळून गेला; साताऱ्यात मात्र तो घाम खराखुरा होता. १९५४ साली कराडास सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने याच संस्थेचे दुसरे कॉलेज निघाले. स्वतः मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांना पुणे विद्यापीठाने १९५९ साली डी. लिट. ही पदवी अर्पण केली.

१९४५ ते १९५० हा पाच-सहा वर्षांचा काळ महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात खरे म्हणजे स्वतंत्र प्रकरणास पात्र आहे. जळगावास मूळजी जेठा, अंमळनेरास प्रताप, रत्नागिरीस आज गोगटे-जोगळेकर या नावाने ओळखले जाणारे कॉलेज, ही तिन्ही १९४५ ची. अहमदनगर कॉलेज १९४७ चे. जिल्ह्याच्या गावचे वकील, गिरणीमालक आणि पेढीवाले यांनी आपल्या थैल्या सैल केल्या, त्यामागे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील उत्साह होता आणि आपल्या गावास कॉलेज असावे हा मानही होता. दानशूरांची नावे कोनशिलांवर कोरली गेली, पण त्या कोनशिलांखालून जी मुले आत गेली ती प्रायः अशी होती की ज्यांना पुण्या-मुंबईचा खर्च अशक्य होता. मराठवाड्याची अवस्था याहून बिकट. निजामी अमलात औरंगाबादेस इंटरपर्यंतचे एक कॉलेज, आणि पुढे हैदराबादेस उर्दूतून शिकविणारे उस्मानिया विद्यापीठ. पोलीस कारवाईनंतर दोन वर्षांच्या आत, १९५० मध्ये, औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. गोमंतकातील मराठी मुले तर मुंबईची मॅट्रिक देऊन बेळगाव, धारवाड किंवा मुंबईच गाठीत. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये मुक्तीनंतर, १९६२ साली निघाली.

मुंबईतील प्रश्न निराळा होता. तेथे कॉलेजे होती, मुलांना वेळ नव्हता. बाप गिरणीत, घरी पाच-सात खाणारी तोंडे, आणि मॅट्रिक झालेला थोरला मुलगा दहा ते पाच कुठल्यातरी कचेरीत कारकून. अशांसाठी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले आणि त्याचे वर्ग सकाळी ठेवले. पहाटेच्या लोकलने यावे, तास करावेत, आणि साडेदहाला फोर्टातील कचेरीत मस्टरवर सही करावी, अशा क्रमाने जे शेकडो कारकून पदवीधर झाले, त्यांची मॅट्रिकची टक्केवारी कोणी विचारली असती तर ती फारशी अभिमानाची ठरली नसती. वेळापत्रकातील एवढासा फेरफार कित्येक समित्यांच्या अहवालांहून अधिक फलद्रूप झाला, असे माझे मत आहे.

गुणांचे माहात्म्य वाढले ते यानंतर, आणि ते प्रथम वैद्यक आणि स्थापत्य या विद्यांच्या दारी. इंटर सायन्सच्या गुणांवर तेथील प्रवेश ठरू लागल्यावर एकेका गुणाला मोल आले. १९४८ च्या कायद्याने मॅट्रिक विद्यापीठाकडून काढून एस. एस. सी. मंडळाकडे सोपविण्यात आली, बाराशे रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना पुढे फीमाफीची सवलत मिळाली, खेड्यापाड्यांत हायस्कुले झाली, आणि उत्तीर्णांची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली. हे सर्व इष्टच झाले, परंतु जी चाळण पूर्वी परीक्षेत होती ती आता प्रवेशाच्या खिडकीवर येऊन बसली. ज्यांचे गुण मध्यम पण खिसा भारी, ते सीमा ओलांडून कर्नाटकात मणिपालसारख्या ठिकाणी देणगी मोजू लागले. अखेर १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तो ओघ महाराष्ट्रातच वळला. देणगीवर बंदी घालणारा १९८७ चा कायदाही झाला. या व्यवस्थेमुळे पुष्कळ मध्यम विद्यार्थी अभियंते झाले हे नाकारण्याचे कारण नाही; पण भाऊरावांनी श्रम घेऊन जे दिले तेच येथे रोकड घेऊन दिले गेले, आणि या फरकाला मी क्षुल्लक मानीत नाही.

आज जूनमध्ये नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागतात तेव्हा शेवटच्या टक्केवारीखाली नाव गेलेल्या मुलाच्या घरी सुतक पडल्यासारखे होते. अशा घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयाचा ग्रंथसंग्रह, तेथील अध्यापक आणि वसतिगृह एकवार प्रत्यक्ष जाऊन पाहावे. त्यांतली पुष्कळ अशाच मुलांसाठी काढलेली आहेत. आणि ज्याला तेथेही जाणे परिस्थितीमुळे शक्य नाही, त्याच्यासाठी १९८९ साली नाशिकास स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीच्या वर्गात येता यावे, अशी सोय त्या विद्यापीठाने केली.