कोथळ्याची विद्या: हरणाच्या शिकार-प्रशिक्षणाची कुळकथा

ब्रिटनमध्ये रानटी हरीण कसे मारावे आणि मारल्यावर त्याचे धड खाण्याजोगे कसे करावे, याचे आज रीतसर शिक्षण मिळते. त्यात नेमबाजीची चाचणी असते, लेखी परीक्षा असते आणि रानात प्रत्यक्ष हातांनी करायचे कामही असते. या शिक्षणात तीन परंपरा एकत्र आल्या आहेत. एक मध्ययुगीन राजदरबारातील विधीची, दुसरी स्कॉटलंडच्या डोंगरांतील नोकरांच्या कसबाची आणि तिसरी कत्तलखान्यातील पशुवैद्यकीय तपासणीची.

यांपैकी सर्वांत जुनी परंपरा दरबारी आहे. गॉटफ्रीड फॉन श्ट्रासबुर्ग या जर्मन कवीने १२१० च्या सुमारास रचलेल्या ‘त्रिस्तान’ काव्यात हरीण सोलण्याचा एक सविस्तर पाठच आहे. कॉर्नवॉलच्या मार्क राजाचे शिकारी मारलेल्या हरणाचे डुकरासारखे चार तुकडे करायला निघतात. तेथे आलेला परका तरुण त्रिस्तान त्यांना थांबवतो आणि कातडे कसे सोडवायचे, कोणता अवयव कोणत्या क्रमाने काढायचा, हे स्वतः करून दाखवतो. या कौशल्यामुळेच त्याचा दरबारात प्रवेश होतो. हरीण नीट सोलता येणे हे त्या काळी कुलीनतेचे लक्षण होते.

त्यामागे सत्तेचे गणित होते. विल्यम पहिला याने १०७९ मध्ये इंग्लंडमध्ये ‘न्यू फॉरेस्ट’ हे राखीव रान घोषित केले. अशा रानांतील हरणांवर राजाचा हक्क असे. चोरून हरीण मारणाऱ्याला जिवाला किंवा अवयवाला मुकावे लागू नये, ही तरतूद १२१७ च्या वनसनदेने केली. हरणाचे मांस राजाच्या मर्जीने मिळायचे आणि त्याचे वाटे मानाप्रमाणे ठरायचे. कोणता भाग कोणाला द्यायचा आणि शिकारी कुत्र्यांना काय घालायचे, याचे नियम बांधलेले होते. कावळ्यासाठी कुर्चेचा एक तुकडासुद्धा वेगळा ठेवला जाई. यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ या काळात ‘द मास्टर ऑफ गेम’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा बराचसा भाग गास्ताँ फेब्युस याच्या फ्रेंच ग्रंथाचा अनुवाद आहे. १४८६ मध्ये छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मधील शिकारीचा भाग पद्यात आहे. मुलांना शिकवावे अशा सुरात तो लिहिलेला असून त्रिस्तानाच्या नावाचा दाखला देतो. या ग्रंथांचा मुख्य विषय वाट्यांचा मान हा होता. मांस रोगट आहे की काय, हा प्रश्न त्यांत दुय्यम होता.

दुसरी परंपरा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने १८४८ मध्ये बॅलमोरल भाड्याने घेतले आणि १८५२ मध्ये विकत घेतले. डोंगरात दबत जाऊन हरीण टिपण्याचा छंद त्यानंतर श्रीमंत वर्गात पसरला. पाहुणा गोळी झाडायचा. बाकी सारे काम जागिरीवरचा शिकारी आणि त्याचा मदतनीस ‘गिली’ यांच्याकडे असायचे. हरीण पडले त्या जागीच त्याचे रक्त काढायचे, कोथळा बाहेर काढायचा आणि हलके झालेले धड तट्टावर लादून खाली आणायचे. या क्रियेला तेथे ‘ग्रॅलॉक’ म्हणतात. ओझे कमी करणे आणि मांस लवकर निवू देणे, असे दोन्ही हेतू त्यातून साधतात. हे काम मुले मोठ्यांच्या हाताखाली राहून शिकत.

हरणे मारणे हा छंद न राहता गरज होण्यामागे निसर्गातला बदल आहे. ब्रिटनमधले लांडगे आणि लिंक्स केव्हाच संपले होते, त्यामुळे हरणांना आवर घालणारा नैसर्गिक शत्रू उरला नव्हता. १९१९ मध्ये वन आयोग स्थापन झाला आणि मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली. नव्या रोपवनांत हरणांना आसरा मिळाला आणि कोवळ्या शेंड्यांचे खाद्यही. मूळच्या रेड आणि रो या दोन जातींत बाहेरून आलेल्या फॅलो, सिका, चिनी भेकर आणि चिनी पाणहरीण यांची भर पडली होती. भारतातून गेलेल्या चितळांमुळे हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात असाच पेच उभा राहिला. महाराष्ट्राच्या जंगलांत चितळ-सांबरांना वाघ, बिबटे आणि रानकुत्रे आवर घालतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीला बंदी आहे.

ब्रिटनमध्ये कायदा उशिरा आला. स्कॉटलंडमध्ये १९५९ च्या आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९६३ च्या कायद्याने हरणांसाठी बंदीचे हंगाम ठरवले. १९६३ मध्येच ब्रिटिश डिअर सोसायटी स्थापन झाली. जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नसे. ब्रिटनमध्ये मात्र प्रशिक्षण ऐच्छिक राहिले. १९९० च्या दशकात ‘डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट’ची दोन पातळ्यांची रचना रूढ झाली. पहिल्या पातळीत जातींची ओळख, कायदा, बंदुकीची सुरक्षा, मांसाची स्वच्छता आणि नेमबाजी तपासली जाते. दुसऱ्या पातळीत उमेदवार मान्यताप्राप्त साक्षीदारासमोर हरीण मारतो आणि साफ करतो.

तिसऱ्या परंपरेने या शिक्षणाला कायद्याचे वजन दिले. कत्तलखान्यात पशुवैद्य जनावर जिवंतपणी पाहतो आणि नंतर त्याचे अवयवही तपासतो. रानात पशुवैद्य नसतो, आणि आतडी तर डोंगरावरच राहतात. ही उणीव युरोपीय संघाच्या ८५३/२००४ या नियमाने भरून काढली. २००६ पासून लागू झालेल्या या नियमाने ‘प्रशिक्षित व्यक्ती’ ही भूमिका निर्माण केली. शिकारी गटात अशी किमान एक व्यक्ती असली तरी चालते. प्राण्याची शरीररचना, मारण्यापूर्वीचे संशयास्पद वर्तन, रोगाच्या खुणा, स्वच्छता आणि कायदा हे विषय तिला यावे लागतात. तपासणीत काही वावगे न आढळल्यास ती क्रमांकित प्रमाणपत्र धडाला जोडते. मग हरणाचे डोके आणि आतले अवयव मांसप्रक्रिया केंद्रापर्यंत न्यावे लागत नाहीत.

प्रत्यक्ष प्रशिक्षण या तपासणीभोवती रचलेले असते. गोळी छातीत, हृदय-फुप्फुसांच्या जागी बसावी, कारण पोटात बसली तर जनावराचे हाल होतात आणि आतड्यांतली घाण मांसात मिसळते. हरीण पडल्यावर थोडे थांबायचे, सावधपणे जवळ जायचे आणि डोळ्याला काठी लावून पापणी हलत नाही याची खात्री करायची. मग रक्त काढायचे. अन्ननलिका मोकळी करून तिला गाठ मारायची, म्हणजे पोटातले अर्धवट पचलेले अन्न उलटत नाही. पोटाची कातडी चिरताना सुरीच्या टोकाखाली बोटे ठेवायची, म्हणजे जठर, आतडी किंवा मूत्राशय फुटत नाही. हिरवा कोथळा आधी बाहेर येतो; काळीज, फुप्फुसे आणि यकृत मागाहून.

यानंतर डोळ्यांचे काम सुरू होते. जबड्याखालच्या, घशामागच्या, फुप्फुसांजवळच्या, आतड्यांच्या पडद्यातील आणि यकृताजवळच्या लसिकाग्रंथी चाचपून पाहायच्या. त्या सुजलेल्या असतील किंवा कापल्यावर पू दिसला तर क्षयरोगाचा संशय घ्यायचा, धड वेगळे ठेवायचे आणि सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचे. कातडे धडावरच ठेवतात, त्यामुळे मांस माती-माश्यांपासून वाचते. पुढे धड लटकवून ७ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंड करतात.

कोथळा न फोडता अखंड बाहेर काढण्याचे कसब त्रिस्तानाच्या काळापासून टिकून आहे. बदलला तो त्यामागचा हेतू. मध्ययुगात त्यातून मान ठरायचा, आज मांसाची पात्रता ठरते. ब्रिटनमध्ये बंदुकीचा परवाना आणि रानमालकाची परवानगी असलेल्या माणसाला हरीण मारण्यासाठी सरसकट परीक्षेची सक्ती नाही. ते धड मान्यताप्राप्त केंद्राकडे विक्रीला पाठवायचे असेल, तर मात्र प्रशिक्षित माणसाची तपासणी हीच रुळलेली वाट आहे. या शिक्षणाला कायद्याचा आधार मिळाला तो बंदुकीमुळे नव्हे, तर मांस खाणाऱ्याच्या आरोग्यामुळे.