मृतांसाठी मांडलेलं ताट

आजच्या व्याख्यानासाठी मी मेक्सिकोतली एक घरगुती प्रथा निवडली आहे. ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस, असं तिचं नाव. तुमच्यापैकी अनेकांनी ती चित्रपटांत पाहिली असेल. रंगवलेल्या कवट्या, नाचणारे सापळे, झेंडूचे ढीग. आणि त्या जोडीला एक वाक्यही ऐकलं असेल, की मेक्सिकोचा माणूस मृत्यूला हसतो, कारण त्याच्यामागे अ‍ॅझ्टेकांची प्राचीन परंपरा उभी आहे. ऐकायला छान वाटतं. पण या एका वाक्यात दोन दावे आहेत बरं का. पहिला, ही प्रथा आहे तशीच प्राचीन आहे. दुसरा, मृत्यूची थट्टा हा तिचा गाभा आहे. इतिहास तपासला तर पहिला दावा अर्धाच खरा ठरतो आणि दुसरा बऱ्याच अंशी विसाव्या शतकात घडवलेला दिसतो. मग या प्रथेचा गाभा कोणता? आजचा आपला प्रश्न एवढाच आहे.

आधी घरात काय घडतं ते पाहू. ऑक्टोबर संपत आला की घरातल्या एका मेजावर ‘ओफ्रेंदा’ मांडली जाते. ओफ्रेंदा म्हणजे अर्पण. तिच्यावर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. लांबून येणाऱ्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला असतो. मीठ असतं, मेणबत्त्या असतात, कोपाल नावाच्या राळेचा धूप असतो. दारापासून मेजापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे येणारा चुकू नये. आणि मग जेवण. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे जेवण ‘मृतांचं’ म्हणून ठरलेलं नसतं, ते त्या त्या माणसाचं असतं. आजीला ज्या चवीचं मोले आवडायचं त्याच चवीचं मोले, म्हणजे मिरच्या आणि मसाले वाटून केलेला दाट रस्सा. काकाला बिअर लागायची तर बिअर, आजोबा ओढायचे ती सिगारेट, लहानपणी गेलेल्या मुलासाठी खेळणं. मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले तमालेस असतात. ‘पान दे मुएर्तो’ हा गोडसर पाव असतो, त्यावर कणकेच्याच हाडांसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात.

सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर हा लहान मुलांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मोठ्यांचा. काही ठिकाणी अपघातात किंवा हिंसेत गेलेल्यांसाठी २८ ऑक्टोबर राखलेला असतो. मृत येतात ते अन्नाचा वास आणि सत्त्व घेतात, अशी समजूत आहे. उरलेलं मग घरचे खातात, शेजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे पोचवतात. म्हणजे मृतांच्या निमित्ताने जिवंतांचीही नाती दरवर्षी एकदा तपासली जातात.

प्रांतागणिक रीत बदलते. पुएब्ला राज्यातल्या वाकेचुला गावात ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे पांढऱ्या साटीनचा, छतापर्यंत पोचणारा मजल्यामजल्यांचा देव्हारा उभारतात, आणि अनोळखी माणूस जरी दारात आला तरी त्याला जेवू घालतात. मिचोआकान राज्यात पात्स्क्वारो सरोवराकाठी पुरेपेचा कुटुंबं कबरींपाशी रात्र जागवतात. काम्पेचे राज्यातल्या पोमुच या माया वस्तीत तर पुरून काही वर्षं झाली की हाडं वर काढतात आणि भरतकाम केलेल्या कापडावर लाकडी पेटीत ठेवतात. दरवर्षी घरचे लोक येऊन एकेक हाड हाताने पुसतात आणि खालचं कापड बदलतात. आपल्यातल्या काहींना हे ऐकून कसंसंच होईल. पण आईचं हाड पुसणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर तुम्ही थट्टा शोधू लागलात तर ती सापडणार नाही. तिथे असते ती शुश्रूषा.

आता इतिहासाकडे वळू. अ‍ॅझ्टेकांच्या पंचांगात वीस-वीस दिवसांचे महिने होते. त्यांतल्या लागोपाठच्या दोन महिन्यांत मृतांचे सण येत, एक लहानग्या मृतांचा आणि एक थोर मृतांचा. हे सण साधारण ऑगस्टच्या आसपास पडत, नोव्हेंबरमध्ये नाही. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान जिंकलं आणि नवा धर्म आला. त्या धर्माच्या पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस होता. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस होता, आणि तो युरोपात क्लूनीच्या मठाने अकराव्या शतकाच्या सुमारास रूढ केला होता.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिएगो दुरान नावाचा दोमिनिकन धर्मगुरू मेक्सिकोत होता. स्थानिक चालीरीतींची त्याने बारकाईने नोंद केली आहे. सर्व संतांच्या दिवशी लोक अर्पण करताना दिसले, तेव्हा त्याने विचारलं की हे कशासाठी. उत्तर मिळालं, की गेलेल्या मुलांसाठी, आमची जुनी रीतच आहे. दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी अर्पण झालं. कोको, मेणबत्त्या, कोंबड्या, फळं, धान्य. दुरानच्या मनात पाल चुकचुकली. त्याला वाटलं, हे लोक आपले जुने दोन सण आपल्या नव्या दोन दिवसांत लपवताहेत.

दुरानचा संशय अगदीच निराधार होता असं मला वाटत नाही. पण तेवढ्यावरून सगळं अ‍ॅझ्टेकच, असंही म्हणता येत नाही. बघा, पान दे मुएर्तोसाठी लागणारा गहू स्पॅनिशांबरोबर आला. साखरेच्या कवट्यांसाठी लागणारा ऊसही त्यांच्याबरोबरच आला. मृतांच्या दिवशी कबरीवर पाव आणि मेण वाहण्याची रीत खुद्द स्पेनमध्ये होती. तारीख चर्चची आहे. त्याच तारखेला, २ नोव्हेंबरला, गोव्यात आणि वसईतही ख्रिस्ती कुटुंबं कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. कारण चर्च तेच. उलट मका, कोको, कोपाल आणि झेंडू हे सारं स्पॅनिश येण्याआधीपासूनच मेक्सिकोत होतं. झेंडूला तिथे ‘सेम्पासूचिल’ म्हणतात, नावात नावात्ल भाषेतले ‘वीस’ आणि ‘फूल’ हे शब्द आहेत. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण बांधतो तो हाच झेंडू. युरोपीय जहाजांनी समुद्रमार्ग जोडल्यानंतर तो आपल्याकडे पोचला. आज झेंडूवाचून दसरा आपल्याला सुचत नाही, पण म्हणून दसरा मेक्सिकन होत नाही. तेव्हा वस्तू कुठून आली यावरून प्रथेचा अर्थ ठरत नाही, एवढं आपण इथे मान्य करू.

मग ही प्रथा तिथे एवढी खोल का रुजली? सोळाव्या शतकातला मेक्सिको हा साथींचा मेक्सिको आहे. १५२० मध्ये देवी आली. १५४५ मध्ये आणि पुन्हा १५७६ मध्ये भयंकर साथी आल्या. इतिहासकारांच्या आकड्यांत फरक आहे, पण शंभर वर्षांत मूळ रहिवाशांच्या लोकसंख्येचा एक लहानसा हिस्साच उरला, याबद्दल फारसा वाद नाही. गावंच्या गावं ओस पडली. अशा काळात मेलेल्यांची नावं घ्यायला मागे कुणी उरणं हीच मोठी गोष्ट होती. माझं मत असं आहे, की जुन्या धर्माचं आणि नव्या धर्माचं जे काही हाताशी होतं ते घेऊन वाचलेल्यांनी आपल्या माणसांचा हिशेब ठेवला. ओफ्रेंदा हा तो हिशेब.

आता कवटीकडे येऊ, कारण थट्टेचा दावा तिच्यावर उभा आहे. मोठी टोपी घातलेली, दात विचकणारी जी बाई आज सगळीकडे दिसते, ती होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराची. १९१० च्या सुमारास त्याने हे चित्र कोरलं. त्याचा रोख मृत्यूकडे नव्हताच. स्वतःचं मूळ लपवून युरोपीय तोरा मिरवणाऱ्या बायकांवर ती टीका होती, स्वस्त छापील कागदावरची. पुढे क्रांती झाली, नव्या राष्ट्राला स्वतःचं असं चिन्ह हवं होतं, आणि चित्रकारांनी पोसादाला उचलून धरलं. दिएगो रिवेराने १९४७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका हॉटेलच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. त्यात मधोमध ही कवटीबाई उभी आहे, नखशिखांत सजून, शेजारी पोसादा. ‘कात्रिना’ म्हणून ती प्रसिद्ध झाली ती त्यानंतर. १९५० मध्ये ओक्ताविओ पास यांचं मेक्सिकन मनावरचं गाजलेलं पुस्तक आलं. हेच पास पुढे १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. मेक्सिकन माणूस मृत्यूशी सलगी करतो, ही कल्पना त्या पुस्तकाने जगभर नेली. पण पास यांनीच त्यात हेही म्हटलं आहे, की मृत्यूबद्दलच्या या बेफिकिरीला जगण्याबद्दलची बेफिकिरी खतपाणी घालते. हा भाग सांगणारे फार थोडे भेटतात.

पुढचं तर तुम्हाला ठाऊक असेल. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत हा सण आला. २०१५ मध्ये जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ हा चित्रपट आला. त्यात मेक्सिको सिटीत सापळ्यांची भव्य मिरवणूक दाखवली आहे. अशी मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती. चित्रपट पाहून पर्यटक ती शोधत येतील म्हणून २०१६ पासून शहराने ती खरोखरच काढायला सुरुवात केली. यावर हसायला हरकत नाही. परंपरा अशाही जन्माला येतात.

पण मिरवणूक आणि ओफ्रेंदा यांत एक फरक आहे, आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला तोच महत्त्वाचा वाटतो. मिरवणुकीतला सापळा कुणाचाच नसतो. तो ‘मृत्यू’ असतो, एक सामान्य संकल्पना. ओफ्रेंदेवरचा माणूस विशिष्ट असतो. त्याला नाव असतं, आवडनिवड असते. संकल्पनेला हसता येतं. आजीसाठी मात्र मोलेच करावं लागतं, आणि त्यासाठी मिरच्या भाजाव्या लागतात, वाटाव्या लागतात, बहुतेक घरांत बायकांनाच रात्र जागून राबावं लागतं. स्मरण ही मनात आपोआप उमटणारी गोष्ट आहे असं आपण समजतो. या घरांत ते काम आहे. कुणीतरी ते केलं तर होतं, नाही केलं तर होत नाही.

याचा दुसरा पुरावा खुद्द पोसादाचा. १९१३ मध्ये तो गरिबीत वारला. त्याला फुकटच्या जागेत पुरलं. काही वर्षांनी त्या हाडांवर हक्क सांगायला कुणी आलं नाही, म्हणून ती सामाईक खड्ड्यात टाकली गेली. ज्याची कवटी राष्ट्राचं चिन्ह झाली त्याची स्वतःची हाडं कुठली ते आज ओळखता येत नाही. कीर्ती मिळाली, पण पुसायला हाड राहिलं नाही. अशांचाही विचार त्या घरांनी केलेला आहे बरं का. अनेक ओफ्रेंदांवर एक जादा मेणबत्ती लावतात, ज्याचं मागे कुणी नाही अशा एकाकी आत्म्यासाठी.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड आहे. अमली पदार्थांच्या टोळ्या आणि त्यांना सामील असलेली सत्ता यांच्यामुळे मेक्सिकोत माणसं बेपत्ता होतात. सप्टेंबर २०१४ मध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी इग्वाला शहरात नाहीसे केले गेले. मे २०२२ मध्ये सरकारी नोंदीतला बेपत्तांचा आकडा १ लाखावर गेला. त्यांच्या आया टोळ्या करून माळरानं धुंडाळतात. लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, बाहेर काढून तिचा वास घेतात, खाली कुणी पुरलंय का ते कळावं म्हणून. आता या आईने २ नोव्हेंबरला काय करायचं? मुलाचा फोटो ओफ्रेंदेवर ठेवला तर तो गेला हे तिने मान्य केलं. न ठेवावा, आणि तो खरोखर गेलेला असेल, तर तो उपाशी परत जाणार. यांतल्या अनेक आया फोटो ठेवायला नकार देतात. काही जणी तोच फोटो चौकात सरकारी कचेरीसमोर नेऊन उभा करतात.

मेक्सिकोचा माणूस मृत्यूला हसतो, हे वाक्य या आईपुढे उच्चारून बघा. ते टिकत नाही. ओफ्रेंदेला आधी खात्री लागते, की आपलं माणूस कुठे आहे, त्याचं काय झालं. बेपत्ता करणाऱ्याने जिवाबरोबर ती खात्रीही चोरलेली असते. म्हणून त्या आया आधी जे मागतात ते सत्य आहे, सांत्वन नंतर.

२०२० मध्ये कोविडमुळे राजधानीतल्या दफनभूमी या दिवसांत बंद होत्या. मिरवणूकही निघाली नाही. घरांत मात्र मेजं मांडली गेली, आणि त्या वर्षी कितीतरी मेजांवर नवे फोटो होते. प्रथेचा गाभा कोणता, या आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं. कवटी गेली तरी ती चालते, मिरवणूक गेली तरी चालते. एका नावासाठी एक ताट मांडणारं कुणीतरी मागे असावं लागतं, आणि ते नाव कुणाचं हे त्याला ठाऊक असावं लागतं.

वेळ झाली आहे, थांबतो.