गुरूजवळ मंदावलेला दिवा

मंडळी, आज नगरपालिकेला सुट्टी. एका दिव्याची गोष्ट सांगतो. रस्त्यावरच्या नाही, त्यावर लिहायचं आहेच! टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी असतो ना, तसला इवलासा, डोळ्यांना न दिसणारा उजेड देणारा एलईडी.

नासाचं गॅलिलिओ यान १८ ऑक्टोबर १९८९ ला निघालं. १९९१ मध्ये त्याची मोठी छत्रीसारखी अँटेना उघडायची, ती अडकली ती कायमचीच. उरली छोटी अँटेना, तिच्यातून माहिती अगदी थेंबाथेंबाने येणार. म्हणून सगळी भिस्त टेपरेकॉर्डरवर. हो, फितीचाच, आपल्या कॅसेटचा चुलत भाऊ! आधी फितीवर भरून ठेवायचं, मग सावकाश पाठवत बसायचं.

५ नोव्हेंबर २००२ ला यान गुरूच्या अमाल्थिया या छोट्या चंद्राजवळून, फक्त १६० किलोमीटरवरून गेलं. गुरूभोवती किरणोत्साराचे भयानक पट्टे आहेत. यान जेवढा मारा सोसायला बांधलं होतं, त्याच्या चौपटीहून जास्त त्याने आधीच सोसला होता. ही फेरी झाली आणि रेकॉर्डर हलेना. माहिती फितीवर भरलेली, पण बाहेर काढायची कशी?

दोष सापडला तो त्या एलईडीत. मोटर किती फिरली हे कळायला चाकाच्या फटींतून त्याचा उजेड पलीकडच्या सेन्सरवर पडायचा. वेगाने आलेल्या प्रोटॉननी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातले अणू जागचे हलवले. वीज तेवढीच, उजेड मात्र कमी. सेन्सरला दिसेना, मोटर चालेना. म्हणजे मोटर ठणठणीत, आंधळं झालं ते तिचं डोळं!

हा आजार तज्ज्ञांना नवा नव्हता. टोपेक्स-पोसायडन उपग्रहातले प्रकाशावर चालणारे भागही असेच दगावले होते, त्यावर प्रयोगशाळेत काम झालेलं होतं. अशा एलईडीतून बराच वेळ वीज वाहू दिली, की हललेले काही अणू पुन्हा जागेवर बसतात, हे त्यातून ठाऊक होतं. जेपीएलच्या मंडळींनी तेच केलं. आज्ञा पोचायलाच अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायचा. थोडी वीज द्यायची, मग तपासायचं, पुन्हा वीज. असे शंभराहून जास्त तास गेले, तेव्हा फीत सलग तासभर चालू लागली.

यान मुदतीच्या कितीतरी पुढे चाललं होतं. 'जुनं झालंय, सोडा' म्हटलं असतं तर कोणी जाब विचारला नसता. (आपल्याकडे असतं तर नव्या खरेदीची फाईलही तयार असती.) पण लोकांचा पैसा लागलेला, आणि इतक्या आतल्या भागातली मोजमापं पुन्हा कधी मिळतील याची शाश्वती नव्हती.

चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं, असं करत अमाल्थियाच्या फेरीची भरलेली सगळी माहिती पृथ्वीवर आली. २१ सप्टेंबर २००३ ला यान मुद्दाम गुरूवर सोडलं, युरोपा या चंद्रावर चुकून आदळून तिथं पृथ्वीवरचे जंतू जाऊ नयेत म्हणून.