विद्युत्-उपचार आणि भुलीचा उशिरा आलेला आधार

वैद्यकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे कोरली जातात; त्या शोधातील क्रौर्य ज्यांनी दूर केले, त्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. मनोरुग्णांवरील विद्युत्-उपचाराची, लोकभाषेतील ‘शॉक’ची, कथा याची साक्ष देते.

१९३४ साली बुडापेस्ट येथे मेडुना यांनी कापराचे इंजेक्शन देऊन रुग्णाला मुद्दाम आकडी आणली व मनोविकारावर तिचा उपाय म्हणून उपयोग केला. एप्रिल १९३८ मध्ये रोम येथे चेर्लेत्ती आणि बिनी यांनी त्याच हेतूने वीज वापरली. हा उपचार अल्पावधीत देशोदेशी पसरला. विजेने शुद्ध तत्क्षणी हरपते, मग भूल कशाला, असा युक्तिवाद केला जाई. परंतु आकडीत स्नायू इतक्या जोराने आवळले जात की कित्येकांच्या पाठीचे मणके मोडत.

१९४० साली अमेरिकेत बेनेट यांनी यावर क्युरारे योजले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावीत ते हे विष! त्याने स्नायू शिथिल होऊन हाडे वाचली. मात्र श्वासाचे स्नायूही लुळे पडत आणि तो परिणाम लवकर ओसरत नसे. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये सक्सिनिलकोलिन या अवघी काही मिनिटे टिकणाऱ्या औषधाचा वापर सुरू झाला आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

तथापि, शुद्धीवर असताना सारे अंग लुळे पडावे व श्वासही घेता येऊ नये, याहून भयंकर अवस्था कोणती? म्हणून आधी भूल, मग स्नायुशिथिलक, असा क्रम रूढ झाला. येथेच भूलतज्ज्ञाची खरी कसोटी लागते. भुलीची बहुतेक औषधे आकडीला दाबतात. मात्रा वाढली तर उपचार निष्फळ, कमी पडली तर रुग्णाला यातना! शिवाय नाडी प्रथम मंदावते आणि मग रक्तदाबासह झपाट्याने चढते. त्यावर नजर ठेवून प्राणवायू देत राहावे लागते. औषधाने शरीर निश्चल झाल्यावर आकडी आली हे कळावे कसे? त्यासाठी शिथिलक देण्यापूर्वीच एका पायाला रक्तदाबमापकाचा पट्टा आवळतात. औषध तेथे पोहोचत नाही आणि तेवढे एक पाऊल साक्ष देते.

ज्ञान हाती आले म्हणून ते आचरणात येतेच असे नाही. भूलतज्ज्ञांची उणीव व खर्च ही कारणे सांगून आपल्या देशात अनेक ठिकाणी भुलीवाचूनच हा उपचार चालू राहिला. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यास मनाई केली. तो २९ मे २०१८ रोजी अमलात आला. रोममधील त्या प्रयोगास तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती.

स्वतःच्या वेदनेची दाद मागता न येणाऱ्या माणसाला वेदना होतच नाहीत असे मानणे सोयीचे असते. विद्युत्-उपचारापुरती ही सोय कायद्याने मोडून काढली. मनातून ती काढून टाकणे हे समाजाचे काम आहे.