हुरड्याच्या गोडीचं कूळ

थंडी पडली की मेहकर-लोणारकडे शेतात आगटी पेटते. ज्वारीचं हिरवं कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचं, गरम असतानाच चोळायचं, पाखडायचं, की लुसलुशीत हुरडा तयार. सोबत लसणाची चटणी. ही गोडी थोड्याच दिवसांची. दाणा कोवळा असतो तोवर त्यात साखर असते. पुढे तिचा स्टार्च होतो आणि उरते ती भाकरीची ज्वारी. ही साखर येते मुख्यतः पानांतून. पानात ती ज्या क्रियेतून घडते तिचं नाव मात्र फसवं आहे. शाळेत आपण ती 'अंधारातली अभिक्रिया' म्हणून पाठ केली.

या नावाचं मूळ १९०५ सालातलं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी दाखवलं, की प्रकाशसंश्लेषणाचा एक टप्पा उजेडाने अडतो, तर दुसरा तापमानाने. दुसऱ्याला थेट उजेड लागत नाही, म्हणून पुढे त्याला 'अंधारा' म्हणू लागले.

त्या अंधारात डोकावायला वाट मिळाली १९४० मध्ये. बर्कलीत मार्टिन कामेन आणि सॅम रूबेन यांना किरणोत्सारी कार्बन-१४ सापडला. पुढे तिथेच मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळाला हा कार्बन पाजला आणि काही सेकंदांत ते गरम अल्कोहोलमध्ये सोडलं. क्रिया होती तिथे थांबली. अर्क कागदावर पसरवून त्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवली, तेव्हा काळे ठिपके उमटले. सगळ्यांत आधीचा ठिपका तीन कार्बनच्या आम्लाचा होता.

एकेक ठिपका जोडत चक्र पुरं झालं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू आत आले, की तीन-तीन कार्बनचे सहा तुकडे बनतात. त्यातले पाच चक्र चालू ठेवण्यात जातात, साखरेसाठी उरतो एकच. सहा पायल्यांतल्या पाच बियाण्याला ठेवून एकच घरात न्यावी, असा हा हिशेब. १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळालं.

ज्वारीची वाट मात्र थोडी वेगळी. हवाईत ऊस तपासताना पहिला ठिपका चार कार्बनचा दिसला. ह्यूगो कॉर्टशाक यांनी १९६५ मध्ये ते छापलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्याचा उलगडा केला. ज्वारी याच उसाची भाऊबंद. कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर उन्हाच्या तडाख्यात चुकून ऑक्सिजनच धरतं आणि मेहनत वाया जाते. म्हणून ज्वारी कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधते, शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन सोडते आणि कॅल्विनचं चक्र तिथे चालवते. शेजारच्या कपाशीला आणि सोयाबीनला ही सोय नाही.

आता त्या नावाकडे वळू. चक्राला लागणारी ऊर्जा उजेडातल्या टप्प्यातूनच येते, आणि त्यातली काही विकरंही उजेडानेच जागी होतात. रात्र झाली की चक्र थांबतं. म्हणजे अंधारातली म्हणवणारी ही क्रिया चालते भर दिवसा. रात्री पान करतं ते वाहतुकीचं काम: दिवसा साठवलेल्या स्टार्चची पुन्हा साखर करून कणसाकडे धाडतं. आपण झोपलेलो असताना हुरडा गोड होत असतो तो असा, दिवसाच्या कमाईवर.