दोन मातांचें बोलणें

१९४१ सालच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग या नेत्रवैद्याकडे एकामागून एक तान्हीं मुलें येऊं लागलीं. त्यांच्या बाहुल्यांत जन्मापासूनच पांढरा मोतीबिंदू होता. वार्धक्याचा समजला जाणारा हा विकार नवजात बालकांत क्वचितच आढळे. आणि आढळलाच, तर तो कुळांतून चालत आलेला असें मानून वैद्य बहुधा स्वस्थ बसत. परंतु एकमेकांशीं नातें नसलेल्या इतक्या घरांत एकाच सुमारास तोच दोष कसा उद्भवावा?

असें सांगतात कीं, ग्रेग यांच्या दवाखान्यांत वाट पाहत बसलेल्या दोन माता आपसांत बोलत होत्या. गरोदरपणीं आपणांस जर्मन गोवर झाला होता, तोच तर मुलाला बाधला नसेल ना, ही त्यांची शंका ग्रेग यांच्या कानीं पडली. दुसरा एखादा तें बायकांचें बोलणें म्हणून सोडून देता. ग्रेग यांनीं प्रत्येक मातेस तोच प्रश्न विचारण्यास आरंभ केला व इतर नेत्रवैद्यांकडूनही माहिती मागविली.

जर्मन गोवर म्हणजे दोन-चार दिवसांचा ताप व पुरळ. त्याची दखल सहसा कोणी घेत नसे. १९४० सालीं युद्धाच्या धामधुमींत त्याची मोठी साथ पसरली होती. ग्रेग यांनीं ७८ बालकांची हकीकत जमविली. त्यांपैकीं ६८ जणांच्या मातांना गरोदरपणीं, बहुतेकींना आरंभींच्या महिन्यांतच, तो होऊन गेला होता. पुष्कळ बालकांचीं हृदयेंही सदोष होतीं. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं मेलबर्न येथें त्यांनीं आपला निबंध वाचला.

तज्ज्ञांस तो सहज पटला नाहीं. १९४४ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’नें सिद्धता अपुरी ठरविली. परंतु अ‍ॅडलेडच्या चार्ल्स स्वॉन यांना असेच दोष व बहिरेपणाही आढळला. १९५१ सालीं ऑलिव्हर लँकॅस्टर या संख्याशास्त्रज्ञानें जुन्या खानेसुमारीचे आंकडे चाळले, तेव्हां बहिऱ्यांच्या जन्मवर्षांचा मेळ पूर्वींच्या साथींशीं बसला. पुरावा कित्येक वर्षें कागदांत पडून होता, विचारणारा नव्हता.

१९६२ सालीं या रोगाचा विषाणु वेगळा करण्यांत आला. तो वारेंतून गर्भांत शिरतो. डोळ्याचें भिंग पहिल्या कांहीं आठवड्यांतच घडत असतें. नेमक्या त्या वेळीं तो पोंचला कीं माता बरी होते, पण बाळाचें भिंग गढूळच राहतें. १९६४-६५ च्या साथींत एकट्या अमेरिकेंत सुमारें २०,००० बालकें अशीं सदोष जन्मलीं.

ग्रेग १९६६ सालीं वारले. लस १९६९ सालीं आली. भारतांत गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ सालीं ज्या प्रांतांत प्रथम सुरू झाली, त्यांत गोवा होता. महाराष्ट्रांत ती २०१८ सालीं आली.

जो दोष कुळाच्या माथीं मारला जात असे, तो टाळतां येण्याजोगा ठरला. त्या शोधाचा आरंभ दोन मातांच्या शंकेंत आणि ती ऐकून घेणाऱ्या वैद्याच्या विनयांत होता.