पत्रीच्या पलीकडचे नाना पाटील

९ सप्टेंबर १९४२ ला आपल्या वडूजात मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गेंसह नऊ जण हुतात्मा झाले. दरवर्षी आपण हार घालतो. पण मोर्चे गोळ्यांनी अडवल्यावर सातारा जिल्ह्यानं पुढं काय केलं?

कार्यकर्ते भूमिगत झाले, प्रतिसरकार उभं राहिलं. नेते क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचे, जन्म १९०० चा. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरलेला माणूस. डोक्यावर बक्षीस होतं, तरी १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नाही.

लोकांना आठवते ती फक्त पत्री. खरं मोठं काम न्यायदान मंडळांचं. गावातला तंटा गावातच मिटवायचा, सावकाराला वेसण घालायची, कमी खर्चात गांधी लग्नं लावायची.

स्वातंत्र्यानंतरही नाना सत्तेच्या वळचणीला गेले नाहीत. आधी शेकाप, मग कम्युनिस्ट पक्ष. १९५७ ला साताऱ्यातनं, १९६७ ला थेट बीडमधनं खासदार झाले. ६ डिसेंबर १९७६ ला गेले.

आज बांधाच्या भांडणात दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी बातमीदारी करत बघतोय. नानांचं नाव घेऊन मतं मागायला कुणी आलं, तर एवढंच विचारा : तुम्ही गावातला एक तरी तंटा गावात मिटवलाय का?